रिकॉल ‘पूर्ण’ दाखवतोय, पण पंप खरंच बदललाय का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंधनपंपासाठी रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलं: पंप चालत्या गाडीत बंद पडू शकतो, तो मोफत बदलून मिळेल. तुम्ही गाडी डीलरच्या वर्कशॉपला दिली आणि पाऊण तासात ती धुऊनपुसून परत मिळाली. ॲडव्हायझरने सही घेतली. घरी येऊन मागची सीट उचलून पाहिलीत, तर मुलाने सांडलेला बिस्किटांचा चुरा जिथल्या तिथे आणि खालच्या गोल झाकणावर धूळ. कंपनीच्या संकेतस्थळावर मात्र चॅसी नंबर टाकला की ‘कोणताही रिकॉल प्रलंबित नाही’ असं येतं. त्यात गेले काही दिवस सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतोय. फोन केलात तर उत्तर मिळालं, ‘सिस्टिममध्ये क्लोज आहे, काळजी करू नका.’ आपल्याला फसवलंय का आणि ते कळणार कसं, हे तुम्ही विचारताय.

मी डीलरच्या वर्कशॉपमध्ये आधी रॅम्पवर आणि नंतर वॉरंटी क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. आता गाड्यांची स्वतंत्र तपासणी करतो. काम प्रत्यक्ष कसं होतं आणि ते कागदावर कसं चढतं, हे दोन्ही मी जवळून पाहिलंय. त्या जोरावर सांगतो. पण गाडी माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या मॉडेलवर आणि त्या विशिष्ट रिकॉलवर अवलंबून राहतील. तिथे तसं म्हणेन.

सगळ्यात आधी ते सेल्फचं बघा, कारण कागदपत्रं आठवडाभर थांबू शकतात, हे थांबू शकत नाही. पंप खरंच बदलला असेल, तर इंधनाच्या लाइनमध्ये शिरलेल्या हवेमुळे पहिल्या एकदोन वेळा सेल्फ लांबणं स्वाभाविक आहे. पण ते तिथेच संपायला हवं. रोज सकाळी होत असेल, तर गाडी उभी असताना लाइनमधला दाब उतरतोय. पंपाच्या वरच्या बाजूला पाइप नीट बसलेला नसेल, आतल्या जोडावर गळत असेल किंवा पंपातला एकेरी व्हॉल्व्ह दाब धरत नसेल. आणि पंप बदललाच नसेल, तर सेल्फ लांबणं हे जुना पंप थकल्याचं लक्षण असू शकतं, म्हणजे पत्रात ज्याची भीती घातली होती तेच. दोन्ही शक्यता तुम्हाला वर्कशॉपमध्येच नेतात. म्हणून ही तक्रार ‘रिकॉल केला का’ या वादात मिसळू नका. ‘रिकॉलच्या कामानंतर सकाळी सेल्फ लांबतोय’ अशी ती वेगळी, लेखी, तारखेसकट नोंदवा.

मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येतोय का, हेही आजच बघा. रात्रभर काचा बंद ठेवून सकाळी दार उघडताच नाक आत घाला. टाकी नुकतीच काठोकाठ भरली असेल तर वास जास्त जाणवतो, कारण पंपाच्या तोंडाशी बसणारी रबरी गोल कडी, म्हणजे ओ-रिंग, तेव्हाच इंधनाच्या पातळीजवळ येते. वास आला किंवा झाकणाभोवती ओल दिसली, तर गाडी चालवू नका, बंद गॅरेजमध्ये लावू नका आणि डीलरला ती उचलून न्यायला सांगा. रिकॉलच्या कामातून आलेली गळती दुरुस्त करणं त्यांच्याकडेच लागतं, त्यासाठी गाडी चालवत नेण्याचा धोका तुम्ही पत्करायचा नाही.

आता मूळ शंका. ‘रिकॉल झाला का?’ या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि डीलर त्यातल्या पहिल्याचंच उत्तर देतोय. पहिला प्रश्न नोंद बंद झाली का हा. दुसरा, नेमून दिलेलं काम गाडीवर प्रत्यक्ष झालं का. आणि तिसरा, झालेलं काम नीट झालं का. तुम्हाला दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर हवंय, पण ‘सिस्टिममध्ये क्लोज आहे’ यातून फक्त पहिल्याचं मिळतं.

नोंद बंद कशी होते ते सांगतो, म्हणजे त्या दोन शब्दांना किती वजन द्यायचं ते कळेल. रिकॉलचे पैसे ग्राहक देत नाही, कंपनी डीलरला देते. त्यासाठी डीलर जॉबकार्ड, म्हणजे गाडीवरच्या कामाची नोंद, बंद करून कंपनीकडे क्लेम टाकतो: चॅसी नंबर, रिकॉलचा कोड, ठरलेल्या कामाचा कोड, वापरलेला पार्ट, किलोमीटर, तारीख. क्लेम मान्य झाला की तो चॅसी नंबर प्रलंबित यादीतून निघतो. संकेतस्थळावर जे दिसतं ते या साखळीचं शेवटचं टोक. म्हणजे ‘प्रलंबित नाही’ याचा अर्थ काम झाल्याचं डीलरने कंपनीला कळवलं आणि कंपनीने ते स्वीकारलं. कंपनीचा कुणी माणूस तुमच्या सीटखाली वाकून बघून गेलेला नसतो. याची उलटी बाजूही आहे. काम व्यवस्थित झालेलं असतं आणि क्लेम अडकल्यामुळे संकेतस्थळ काही दिवस ‘प्रलंबित’च दाखवत राहतं. अशा घाबरलेल्या ग्राहकांचे फोन मी पुष्कळ घेतले आहेत.

सरकारी यादीलाही हीच मर्यादा आहे. अमेरिकेत एनएचटीएसए या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर 2014 पासून चॅसी नंबर टाकून रिकॉल तपासता येतो. पण तिथे फक्त न झालेले रिकॉल दिसतात. दुरुस्त झाल्याची नोंद असलेला रिकॉल यादीतून गायब होतो, आणि 15 वर्षांहून जुने रिकॉल सहसा दिसतच नाहीत. रिकामी यादी बघून ‘सगळं ठीक’ असा निष्कर्ष काढता येत नाही तो यामुळे.

तेव्हा काम झाल्याची खात्री करायची तर सुरुवात वेगळीकडून करावी लागते. तुमच्या चॅसी नंबरसाठी नेमका उपाय काय ठरला होता? हे कळल्याशिवाय गाडीत काय शोधायचं तेच ठरत नाही. तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकतात. पत्रात ‘पंप’ वाचलं की अख्खा नवा पंप दिसला पाहिजे असं ते धरून चालतात.

रिकॉलचे उपाय साधारण तीन जातींचे असतात. काहींत पार्ट सरसकट बदलतात. काहींत आधी तपासायचा, उत्पादनाचा कोड ठरावीक टप्प्यातला निघाला तरच बदलायचा. अशा रिकॉलमध्ये काहीही न बदलता काम ‘पूर्ण’ होणं हे पूर्णपणे नियमात बसतं. आणि काहींत नुसतं सॉफ्टवेअर बदलतात. 2022 मध्ये फोर्डने अमेरिकेत एस्केप आणि ब्रॉन्को स्पोर्ट या गाड्यांच्या तडकू शकणाऱ्या इंधन इंजेक्टरसाठी रिकॉल काढला, तेव्हा इंजेक्टर सरसकट बदलण्याऐवजी गळती ओळखणारं सॉफ्टवेअर आणि सांडलेलं इंधन गरम भागांपासून दूर नेणारी नळी असा उपाय दिला होता. तो पुरेसा आहे का, याची चौकशी पुढे एनएचटीएसएनेच सुरू केली. मालकांनी इंजिन उघडून नवे इंजेक्टर शोधले असते तर ते मिळाले नसते, आणि डीलरने तर सांगितलेलं काम चोख केलेलं असतं.

इंधनपंपांची गोष्ट वेगळी. 2020 पासून टोयोटा, होंडा आणि इतरही काही कंपन्यांनी डेन्सो या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने बनवलेल्या पंपांसाठी मोठमोठे रिकॉल काढले. त्यात दोष पंपातल्या छोट्या प्लास्टिकच्या चक्रात, म्हणजे इम्पेलरमध्ये होता. कमी घनतेचा हा इम्पेलर इंधन शोषून फुगतो, वाकडा होतो आणि आतल्या भिंतीला घासून अडकतो. पंप थांबला की इंजिन बंद. हा दोष सॉफ्टवेअरने जाण्यासारखा नाही, त्यामुळे उपाय पंप बदलण्याचाच. तुमच्या पत्रातही ‘बदलून मिळेल’ असे शब्द असतील, ‘तपासून गरज असल्यास’ असे नसतील, तर नवा पंप टाकीत असायलाच हवा. पत्र पुन्हा काढा आणि ते वाक्य शब्दन्‌शब्द वाचा. तुमची निम्मी केस त्या एका वाक्यावर उभी आहे.

तरीही एक फसवी जागा राहते. टाकीत वरून जे उतरतं ते अख्खं मॉड्यूल असतं: वरची तबकडी, तिच्यावर विजेचा कनेक्टर आणि पाइप, खाली पिंजऱ्यासारखा साचा, त्यात पंपाची मोटार, फिल्टर आणि पेट्रोल किती आहे ते सांगणारा फ्लोट. काही रिकॉलमध्ये पूर्ण मॉड्यूल बदलतात. काहींत मॉड्यूल बाहेर काढून फक्त आतला पंप बदलतात आणि जुनं मॉड्यूल परत बसवतात. दुसऱ्या प्रकारात वरून तुम्हाला जुनीच तबकडी, जुनंच लेबल, जुनाच कनेक्टर दिसणार, जरी आतला पंप कोरा करकरीत असला तरी. लेबल जुनं आहे एवढ्यावरून आरोप करू नका म्हणतो ते यासाठी. बदललेला पार्ट कोणता, हे जॉबकार्डावर लिहिलेल्या पार्ट नंबरवरून ठरतं.

आता सीटखालच्या खुणा. बिस्किटांच्या चुऱ्याला मी काहीच वजन देणार नाही. टेक्निशियन सीटची गादी उचलतो, बाजूला ठेवतो, काम करतो, परत दाबून बसवतो. तो तिथे झाडू मारत नाही. चुरा जागेवर असणं हे काम झालेल्या गाडीतही दिसतं. झाकणाच्या मधोमध असलेली धूळही तितकीशी बोलकी नाही, कारण झाकण उचलून पालथं न घालता बाजूला ठेवलं तर ती तशीच राहते.

बोलकी असते ती झाकणाची कड. पुष्कळ गाड्यांत ते पत्र्याचं झाकण काळ्या चिकट लांबीवर (सीलंटवर) बसवलेलं असतं. एकदा उचकटलं की ती लांबी ताणली जाते, तिच्या तारा निघतात, आणि परत दाबलं तरी कडेची रेघ पहिल्यासारखी सलग राहत नाही. झाकण स्क्रूने बसवलेलं असेल, तर स्क्रूच्या खाचेतली धूळ बघा. पाना लागलेल्या स्क्रूची खाच आतून चमकते, न लागलेल्याची मळकट भरलेली असते. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा. सरळ प्रकाशात यातलं काही दिसत नाही, तिरप्या प्रकाशात लगेच दिसतं. कडेची लांबी कारखान्यातल्यासारखी सलग असेल आणि स्क्रूच्या खाचा भरलेल्या असतील, तर तुमच्या शंकेला मी खरा आधार आहे असं मानेन. कारण त्या रचनेत पंपापर्यंत पोचायला दुसरी वाट नसते.

काही मॉडेलमध्ये मात्र सीटखाली झाकणच नसतं किंवा असलं तरी पंप तिथून निघत नाही, अख्खी टाकी खाली उतरवावी लागते. तुमच्याकडे झाकण आहे, पण पंप त्यातूनच निघतो का, हे त्या मॉडेलच्या जाणकाराकडून खात्री करून घ्या. टाकी उतरवावी लागत असेल तर खुणा गाडीखाली शोधायच्या: टाकी धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट. वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज सगळीकडे सारखा असेल आणि बोल्टची डोकी तेवढी उघडी, घासलेली दिसत असतील, तर पाना लागलाय.

झाकण उघडता येत असेल तरी त्याखाली तुम्ही स्वतः फक्त बघा आणि फोटो काढा. कनेक्टर ओढू नका, पाइपला हात लावू नका. इंजिन बंद असलं तरी लाइनमध्ये दाबाखालचं पेट्रोल असू शकतं. वरून दिसतं तेवढं पुरे. मॉड्यूलला टाकीवर दाबून धरणारी मोठी गोल रिंग खास पान्याने फिरवावी लागते, आणि तो पाना रिंगच्या दात्यांवर ताजे ओरखडे सोडतो. बऱ्याच रिंगवर आणि टाकीवर जुळवायच्या खुणा असतात. त्या एकमेकींसमोर आहेत का, ते बघा. नसतील, तर रिंग पूर्ण आवळलेली नसण्याची किंवा खालची ओ-रिंग दुमडल्याची शक्यता आहे. पेट्रोलच्या वासाशी ते जुळतं. मॉड्यूल निघालं की ती ओ-रिंग नवी घालायची असते, कारण पेट्रोलमध्ये राहून जुनी फुगलेली असते आणि खाचेत नीट बसत नाही. घाईच्या कामात वगळली जाणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच. म्हणून जॉबकार्डावर पंपाखाली ओ-रिंगची वेगळी ओळ आहे का ते बघायचं. पंपासोबत किट म्हणून ती आली असेल तर वेगळी ओळ नसेल, मग किटमध्ये ओ-रिंग धरून काय काय होतं ते पार्ट्स काउंटरवर विचारायचं.

काम झालं पण चुकीचं झालं, हे इतकं घडू शकतं की त्यासाठी पुन्हा रिकॉल काढावे लागले आहेत. ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत इंजिनांच्या दोषासाठी जे रिकॉल काढले त्यात काही गाड्यांची इंजिनं बदलली गेली. जानेवारी 2019 मध्ये त्यातल्याच सुमारे 1,68,000 गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण इंजिन बदलताना उच्च दाबाचा इंधनपाइप नीट बसवला गेला नसण्याची शक्यता होती आणि त्यातून इंधन गळून आग लागण्याचा धोका होता. ‘रिकॉल झालेला आहे, म्हणजे गाडी सुरक्षित’ हे वाक्य मी तपासल्याशिवाय कधी उच्चारत नाही ते अशा उदाहरणांमुळे. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांतही सुरुवातीला काही गाड्यांत त्याच जातीचे नवे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, तात्पुरते बसवले गेले. त्यातलं अमोनियम नायट्रेट दमट हवेत आणि उष्णतेत कालांतराने बिघडतं, त्यामुळे त्या गाड्यांना पुढे दुसऱ्यांदा बोलवावं लागलं. पहिल्या कामाचा कागद जपून ठेवलेल्या मालकाला वाटत राहिलं की आपलं झालंय, आणि दुसऱ्या रिकॉलचं पत्र बाजूला पडलं.

पाऊण तास हा वेळ संशयास्पद आहे का? माझ्या मते त्यावर भर देऊ नका. सीटखालून निघणारा पंप सरावलेला टेक्निशियन तेवढ्या वेळात बदलू शकतो, विशेषतः रिकॉलच्या दिवसांत, जेव्हा तो एकामागून एक तेच काम करत असतो. कंपनी त्या कामाला ठरावीक वेळ मोजून देते आणि हात बसलेला माणूस त्याहून लवकर उरकतो. पण पाऊण तासात गाडी धुऊनही झाली असेल आणि पंपासाठी टाकीच उतरवावी लागत असेल, तर मी नक्की थांबून विचारेन. वेळेची खरी नोंद तुमच्या आठवणीपेक्षा त्यांच्याकडे चांगली असते. पुष्कळ वर्कशॉपमध्ये टेक्निशियन काम सुरू करताना आणि संपवताना त्या जॉबकार्डावर वेळ नोंदवतो. ती मागा.

एवढ्यावरून कागद कोणते मागायचे ते ठरतं. बंद झालेल्या जॉबकार्डाची पूर्ण प्रत हवी, सही घेतलेली एक पानाची पावती पुरेशी नाही. तिच्यात रिकॉलचा कोड, कामाचा कोड, पार्ट नंबर आणि नग, आत येतानाचे आणि बाहेर जातानाचे किलोमीटर, टेक्निशियनची ओळख हे असलं पाहिजे. रक्कम शून्य असली तरी बिल निघतं. ‘मोफत काम, म्हणून कागद नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, कारण कागदाशिवाय त्यांना कंपनीकडून पैसेच मिळत नाहीत. त्याशिवाय एक प्रश्न पार्ट्स विभागासाठी: या जॉबकार्डावर पंप स्टोअरमधून कोणत्या दिवशी निघाला? काम न करता क्लेम टाकणाऱ्याला तो पार्ट साठ्यातून निघाल्याचंही दाखवावं लागतं, आणि मग कपाटात एक नवा पंप जास्तीचा उरतो. खोटेपणा असेल तर तो बहुतेक वेळा इथे उघडा पडतो. ॲडव्हायझरचं बोलणं कितीही गुळगुळीत असलं तरी साठ्याचा हिशेब बोलण्याने जुळत नाही.

पार्ट नंबर मिळाला की तो रिकॉलच्या सूचनेतल्या नव्या पार्टशी ताडून बघा, शेवटच्या अक्षरासकट आणि जोडअंकासकट. सुधारलेल्या पार्टचा फरक बऱ्याचदा त्या शेपटीतच असतो. शिवाय पार्टवर उत्पादनाचा कोड असतो, तोही बघण्यासारखा. नुसत्या नंबरावर का थांबायचं नाही, याचा सगळ्यात कडू धडा जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये आहे. कंपनीने तो स्विच 2006 च्या सुमारास बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे सदोष आणि सुधारलेला स्विच नंबरावरून वेगळे ओळखताच येईनात, आणि अपघातांचं मूळ शोधणाऱ्यांची त्याने कित्येक वर्षं दिशाभूल केली. रिकॉल निघायला 2014 उजाडलं. कंपनीने नेमलेल्या नुकसानभरपाई निधीने 124 मृत्यूंचा संबंध त्या स्विचशी मान्य केला.

जुना पंप दाखवा, असं आता म्हणायला हरकत नाही, पण तो मिळाला नाही तर त्यावरून फार अनुमान काढू नका. रिकॉलमध्ये काढलेला पार्ट कंपनीचा होतो. काही कंपन्या तो परत मागवतात, काही ठरावीक मुदत ठेवून नष्ट करायला सांगतात. त्या मुदतीत मात्र तो वॉरंटीच्या खोलीत तुमच्या जॉबकार्डाची चिठ्ठी लावून ठेवलेला असतो. काम ताजं असताना विचारलंत तर चिठ्ठीसकट बघायला मिळण्याची चांगली शक्यता असते, म्हणून हा प्रश्न लांबवू नका.

विचारायचं कुणाला आणि कसं, यावर बरंच अवलंबून आहे. काउंटरवरच्या ॲडव्हायझरशी भांडण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर स्क्रीन असते, तो स्क्रीनवरचं वाचतो. सर्व्हिस मॅनेजरला ई-मेल करा. त्यात ‘फसवणूक’ हा शब्द वापरू नका. तो आला की समोरचा माणूस मदत करायचं सोडून स्वतःला वाचवायला लागतो. मी लिहिलं असतं ते साधारण असं: ‘अमुक तारखेला माझ्या गाडीवर अमुक क्रमांकाचा रिकॉल केल्याची नोंद आहे. त्यानंतर सकाळी सेल्फ लांबतोय. पंपावरच्या झाकणाची लांबी उचकटल्यासारखी दिसत नाही, फोटो सोबत आहेत. कृपया जॉबकार्डाची पूर्ण प्रत द्यावी, आणि माझ्या उपस्थितीत फोरमनकडून पंप, ओ-रिंग आणि इंधनाचा दाब तपासून घ्यावा.’ एवढंच. यात तुम्ही आरोप केलेला नाही, पण सुरक्षेच्या कामाबद्दल लेखी शंका नोंदवली आहे. समजूतदार मॅनेजर अशी शंका टाळत नाही, कारण उद्या काही झालं तर ती ई-मेल त्याच्याच टेबलावर येणार आहे.

इंधनाचा दाब मोजून घेण्याचा मुद्दा मुद्दाम घातलाय. गाडी बंद केल्यावर दाब किती वेळ टिकतो, हे मोजलं की सेल्फ लांबण्याचं कारण टाकीकडच्या बाजूला आहे की इंजेक्टरकडे, हे बऱ्यापैकी कळतं. रिकॉल झाला की नाही हा वाद मिटो न मिटो, तुमची गाडी त्या दिवशी कोणत्या स्थितीत आहे ते कागदावर येतं.

डीलरने दाद दिली नाही, तर पुढची पायरी कंपनीचा ग्राहक विभाग. तिथे चॅसी नंबर द्या आणि त्या रिकॉलवर कोणत्या तारखेला, कोणत्या पार्ट नंबरसह, किती किलोमीटरवर क्लेम आला ते विचारा. ते सगळं सांगतीलच असं नाही, पण त्यांच्याकडे ते असतं, आणि तुमची विचारणा त्या क्लेमवर नोंदली जाते. कंपन्या डीलरांच्या वॉरंटी क्लेमचं लेखापरीक्षण करतात. ग्राहकाची लेखी शंका असलेला क्लेम त्यात आधी उघडला जातो, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत डीलरकडून पाहणी करून घेणं हाही चांगला मार्ग आहे. रिकॉल कुठल्याही अधिकृत डीलरकडे करता येतो, आणि एकाची नोंद चुकीची निघाली तर दुसरा कंपनीकडून तो रिकॉल पुन्हा उघडून घेऊ शकतो.

बाहेरच्या मेकॅनिकला दाखवायचं असेल तर फक्त दाखवा आणि त्याचं निरीक्षण लिहून घ्या. त्याच्याकडून पंप काढून घेऊ नका, स्वखर्चाने बदलून तर मुळीच घेऊ नका. एकदा तिसऱ्याचा हात लागला की आधी काय होतं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि गळतीची जबाबदारी झटकायला डीलरला सोपं कारण मिळेल.

सरकारी यंत्रणेकडे कधी जायचं, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत एनएचटीएसए रिकॉलनंतरही त्रास सुरू असल्याच्या तक्रारी घेते, आणि उपाय अपुरा असल्याच्या चौकशा अशा तक्रारींतूनच सुरू होतात. भारतात मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलला कलम 110-अ चा कायदेशीर आधार मिळाला आणि त्याचे नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले. त्याआधी 2012 पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेने पाळायची संहिता होती. कुठेही असलात तरी एक फरक लक्षात ठेवा. एका डीलरने एका गाडीवर काम केलं नाही, हा ग्राहक-तक्रारीचा विषय. त्याच रिकॉलनंतर अनेकांच्या गाड्या बंद पडतायत, हा सुरक्षा यंत्रणेचा विषय. तुमचं प्रकरण सध्या पहिल्या जातीचं दिसतंय. पण तुमच्याच मॉडेलचे आणखी मालक रिकॉलनंतर सेल्फ लांबल्याचं सांगत असतील, तर दोन्हीकडे लिहा.

तुम्ही दिलेल्या माहितीवर माझा अंदाज विचाराल, तर सरळ खोटा क्लेम असण्यापेक्षा घाईत झालेलं काम मला जास्त संभवतं, कारण सेल्फची तक्रार त्या भेटीनंतरच सुरू झाली आहे. ज्या गाडीच्या टाकीला हातच लागला नाही तिच्यात नेमका त्याच आठवड्यात दाब उतरायला लागणं हा योगायोग असू शकतो, पण मी आधी पाइपचा जोड बघेन. झाकणाच्या कडेची लांबी सलग निघाली तर मात्र हा अंदाज मी सोडून देईन.

आज वास तपासा आणि झाकणाच्या कडेचे तिरप्या प्रकाशात फोटो काढा. उद्या ई-मेल पाठवा. जॉबकार्डावरचा पार्ट नंबर आणि पत्रातलं उपायाचं वाक्य हाती आलं की दोन्ही इथे जसंच्या तसं लिहा, चॅसी नंबर मात्र लिहू नका. तेवढ्यावरून पूर्ण मॉड्यूल बदलायचं होतं की आतला पंप, आणि फोरमनसमोर नेमकं काय उघडायला लावायचं, ते मला सांगता येईल.